विषयाचा रकाना

कागद कापण्यात जिचे सारे आयुष्य गेले, अशी शिंगाच्या मुठीची मी एक जुनी सुरी आहे. मित्रांनो, सुरी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे भाजी येईल, मासळी येईल. माझ्या वाट्याला टपाल आले. बर्धमानजवळच्या कांचननगरात एका कारागिराने मला घडवले आणि माझी धार मुद्दाम बोथट ठेवली. पाकिटाची कड उघडावी, आतला कागद दुखावू नये, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

तेथून मी हुगळीकाठच्या एका ताग गिरणीच्या कार्यालयात, सुधामय समाद्दार यांच्या मेजावर आले. समाद्दारबाबू आवक-लिपिक होते. पाकीट फोडावे, कागदावर जांभळा शिक्का मारावा, नोंदवहीत ओळ लिहावी आणि कागद त्या त्या विभागाकडे धाडावा, असा त्यांचा क्रम होता. नोंदवहीतला सर्वांत रुंद रकाना विषयाचा. तो रिकामा राहता कामा नये, आणि पत्र वाचल्याशिवाय तो भरता येत नसे. गिरणीच्या पत्त्यावर येणारे सर्व टपाल फोडावे, हा नियम कोणत्या तरी संपाच्या काळात झाला होता. संप मिटला, नियम राहिला.

लोक माझी स्तुती करीत. “सुधामयदा, तुमची सुरी चालते की लोण्यातून फिरते!” असे म्हणत. मला त्याचा गर्व होता, हे मी लपवीत नाही. परंतु हजारो पत्रांना स्पर्श करूनही त्यांतले एकही आपल्यासाठी नसावे, यातला एकटेपणाही मला ठाऊक होता. तो ओळखणारा दुसरा जीव त्या इमारतीत एकच होता. त्यांचे नाव नीहाररंजन कुंडू.

कुंडूबाबू भांडारात तागाच्या गासड्या मोजीत. अविवाहित होते आणि अकरा जणांबरोबर एका मेसमध्ये राहत. तेथे आलेले पार्सल जिन्यात पडून राही आणि पुढे नाहीसे होई. म्हणून त्यांची पार्सले कार्यालयात येत. त्यांना नेचे, म्हणजे फर्नची पाने, जमवण्याचा छंद होता. शिलाँगच्या निवृत्त शिक्षिका, आमच्याकडच्या भाषेत दिदिमणी, थेइमोन खारकोंगोर यांनाही तोच छंद होता. तेवीस वर्षे ती दोघे एकमेकांना वाळवलेले नेचे आणि पत्रे पाठवीत होती. भेट एकदाही झाली नव्हती.

दर पार्सलाला मी लावली जाई, आणि मेजाभोवती मुरी, म्हणजे चुरमुरे, खात उभ्या असलेल्या मंडळींना करमणूक मिळे.

“नीहारदा, तुमच्या दिदिमणींचा पाला आला हो!” रजा विभागाचे गोलक हाजरा हाक देत. “उकळून पिता की उशाशी घेऊन झोपता?”

“उकळूनच पितो. म्हणून तर तुझ्यासारखं पोट सुटलं नाही,” कुंडूबाबू हसून म्हणत. परंतु त्यांचे हात पार्सलाची उघडी कड झाकून धरीत, हे मी पाहत असे.

एकदा त्यांनी धीर करून विनंती केली. “सुधामयदा, एवढं एक पार्सल न फोडता देत जा ना. आत काय असतं, तुम्हाला माहीतच आहे.”

“आज तुमचा पाला सोडला, तर उद्या कोणी गांजा मागवील, मोशाय! पत्ता गिरणीचा, म्हणजे टपाल गिरणीचं.”

मला हा युक्तिवाद तेव्हाही पटला नव्हता. पाकिटावर दोन गोष्टी असतात. पत्ता सांगतो की वस्तू कोठे न्यावी. नाव सांगते की ती कोणाची आहे. नावाखाली पत्ता लिहिला म्हणून माणूस पत्त्याच्या मालकीचा होत नाही. पण सुरीला कोण विचारतो?

दुर्गापूजेच्या सुट्टीला दहा दिवस उरले असताना शिलाँगहून एक चपटे पार्सल आले. मी आत शिरले आणि नेच्याच्या पानाला माझे टोक लागले. पान मधोमध चिरले. सोबतच्या पत्रात बाईंनी लिहिले होते, “सुट्टी संपेल त्या आठवड्यात माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. नंतर दिसेलच असे नाही. तेवीस वर्षे तुमचे अक्षर पाहिले, एकदा चेहरा पाहू द्या. पूजेच्या सुट्टीत या.”

समाद्दारबाबू विषयापुरतेच वाचीत. एरवी बाईंच्या पत्रांचा विषय ‘नेच्यांबाबत’ असे, आणि तो कोणत्याच विभागाचा नसल्याने ती पत्रे कुंडूबाबूंनाच मिळत. चेहरा कोणत्याही रकान्यात बसत नव्हता. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: ‘पूजेच्या सुट्टीत शिलाँग येथे जाण्याबाबत.’ आणि तो विषय रजा विभागाचा असल्यामुळे पत्र रजा विभागाकडे पाठवले. वस्तू माणसाची, कागद विभागाचा, या रीतीप्रमाणे कुंडूबाबूंना चिरलेला नेचा तेवढा मिळाला.

“आणि पत्र?” त्यांनी विचारले.

“कार्यवाहीत आहे.”

“कसली कार्यवाही? पत्र माझं आहे ना?”

“येईल हो! कागद गिरणीत हरवत नसतो.”

कागद खरोखरच हरवला नाही. हाजरांनी शेरा मारला, ‘अर्ज विहित नमुन्यात नाही.’ डोळ्यांचा उल्लेख म्हणून तो गिरणीच्या दवाखान्यात गेला. तेथे लिहिले गेले, ‘रुग्ण आमच्या नोंदीत नाही.’ मग पूजेसाठी कार्यालय बंद झाले. कुंडूबाबूंच्या हाती पत्र पडले, तेव्हा शस्त्रक्रियेला चार दिवस उलटले होते. ज्यांच्यासाठी ते लिहिले होते, ते त्याचे चौथे वाचक ठरले.

ते माझ्या मेजापाशी उभे राहूनच वाचू लागले. मागून हाजरांचा आवाज आला, “काय नीहारदा, चेहरा दाखवायला जाणार की नाही?”

कुंडूबाबूंनी वर पाहिले नाही. “गोलक,” ते हळू म्हणाले, “तू वाचलंस तेव्हा वेळ होता रे.”

हाजरांच्या हातातली मुरी हातातच राहिली. समाद्दारबाबूंनी ते पत्र मागून घेतले आणि प्रथमच ते संपूर्ण वाचले. नंतर बराच वेळ ते शिक्क्याचे झाकण लावीत होते, काढीत होते.

कुंडूबाबूंनी त्याच दिवशी तार केली. उत्तर बाईंच्या भाचीचे आले: पट्टी निघाली, दृष्टी आली नाही. त्यानंतर कुंडूबाबूंनी बाईंना लांबलचक पत्र लिहिले. महिन्याने शिलाँगहून एक जाड पार्सल आले. समाद्दारबाबूंनी मला उचलले, खाली ठेवले, नोंदवहीत कुंडूबाबूंचे नाव लिहिले आणि विषयाचा रकाना कोरा सोडला. मग कुंडूबाबूंना बोलावून ते म्हणाले, “घ्या. फोडलं नाही.”

“फोडा, सुधामयदा. आता लपवण्यासारखं काय उरलंय?”

“नाही, नीहारबाबू. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.” आणि त्यांनी मूठ पुढे करून मला कुंडूबाबूंच्या हातात दिले.

मित्रांनो, ज्याचे टपाल त्याच्याच हाती मी पहिल्यांदा आले. आत कुंडूबाबूंची तेवीस वर्षांची पत्रे निघाली. ते शेवटचे लांबलचक पत्रही होते, न उघडलेले. वर भाचीच्या अक्षरात चिठ्ठी होती. त्यांनी ती वाचून समाद्दारबाबूंपुढे धरली, आपण होऊन. “मावशी म्हणते, ही पत्रे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाहीत. ती दोघांची होती. काही सांगायचे असेल, तर येऊन सांगा.”

कुंडूबाबूंनी मला मेजावर ठेवले, गठ्ठा काखेत घेतला आणि ते शिलाँगला निघून गेले. गिरणीत ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांनी तिकडे काय सांगितले, हे मला माहीत नाही. ते माहीत असण्याचा मला अधिकारही नाही, आणि हे मला फार उशिरा कळले.

पुढे समाद्दारबाबू निवृत्त झाले, टपाल आटले, गिरणीला कुलूप लागले. मी खणात गंजत पडून आहे. मला पुसू नका, धारही लावू नका. एवढेच करा: दुसऱ्याच्या नावाचे पाकीट हाती आले, तर ते जसे आहे तसे त्याच्याकडे पोहोचवा, आणि आजच पोहोचवा.