पाणी घाण करण्याचा परवाना

सगळे ज्यांना गाळणभाऊ म्हणत, त्या ठेकेदाराची थोरली बहीण दवाखान्यात डायलिसिसच्या खुर्चीवर बसून होती आणि यंत्र बंद होतं. यंत्राला लागतं चोख पाणी, आणि ते देणारा फिल्टर तुंबला होता. फिल्टर भाऊंनीच बसवलेला, डोळे मिटून उघडला असता. पण त्यांचा जलशुद्धीकरणाचा परवाना नेमका कालच संपला होता, आणि बिनपरवान्याच्या माणसाने स्क्रूलाही हात लावायचा नाही, असा नियम. गावातला दुसरा परवानेवाला लग्नाला गेला होता. परवा येणार म्हणे. ताईचा चेहरा सुजत चालला होता. परवाना नवा करून घ्यायला भाऊ तडक परवाना कार्यालयात परीक्षेला येऊन बसले.

परीक्षा तशी सोपी. कार्यालयाच्या नळाला वर्षानुवर्षं गढूळ पाणी यायचं. त्यातलं बादलीभर घ्यायचं आणि साहेबांसमोर स्वच्छ करून दाखवायचं, बस्स. साहेब अजून यायचे होते. भाऊ बाकावर बसले, तर समोरच्या भिंतीवर त्या नळाचा फिल्टर टिपटिप गळत होता. आता शिंप्याला उसवलेली बाही दिसली की त्याची बोटं स्वस्थ बसतात का? त्यात भाऊ घाबरले की त्यांचे हात आपणहून काम शोधतात. पिशवीतून पाना निघाला, जाळी धुतली गेली, नवी कार्ट्रिज बसली. साहेब आले तेव्हा नळाला काचेसारखं पाणी येत होतं.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “हे कोणी केलं?”

“मी, साहेब. गळत होता.”

“अहो, परीक्षेचं पाणी होतं ते! आता स्वच्छ पाणी स्वच्छ करून दाखवणार का?”

“चार मुठी माती टाकतो की बादलीत.”

“बाहेरची माती चालत नाही,” कारकून बाई टेबलामागून म्हणाल्या. “पाणी मुळातच घाण लागतं.”

“आणि विनापरवाना काम,” साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “तेही परवाना कार्यालयात!”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जुनी घाणेरडी कार्ट्रिज परत बसवावी म्हणून भाऊंनी फिल्टरकडे हात नेला, तशा बाई किंचाळल्या, “हात लावू नका! परवाना कुठाय तुमच्याकडे?”

“मग तुम्ही लावा.”

“आम्ही परवाने देतो, भाऊ. आमच्याकडे परवाना नसतो.”

भाऊंचा धीर सुटला. “साहेब, माझी ताई तिकडे खुर्चीत बसलीय हो. आई गेल्यावर तिनेच वाढवलं मला. तिला काही झालं तर मी काय करू?”

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त साहेब होते. ते गहिवरले, घसा कोरडा पडला म्हणून पेलाभर पाणी प्यायले आणि मग आणखी एक. “पाणी मात्र गोड झालंय,” ते हळहळत म्हणाले.

तोड शेवटी बाईंनी काढली: तात्पुरता परवाना. जेवणाच्या सुट्टीपुरता. भाऊंनी तेवढ्यात पाणी पूर्ववत घाण करायचं आणि सुट्टीनंतर परीक्षेला बसायचं. घाण करण्याचा छापील नमुना नव्हता, म्हणून जलशुद्धीकरणाच्याच परवान्यावर शिक्का मारला.

“जेवून येतो,” साहेब डबा घेऊन आत जाताना म्हणाले. “तोवर चांगलं घाण झालेलं पाहिजे.”

भाऊंनी परवान्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि पिशवी उचलून धूम ठोकली.

दवाखान्यात नर्सने शिक्का पाहिला आणि बाजूला झाली. भाऊंनी फिल्टर उघडला, जाळी बदलली, पाणी तपासलं. नर्सने नळ्या जोडल्या आणि यंत्र घरघरायला लागलं. ताईने डोळे मिटून घेतले. भाऊ तिच्या पायाशी मटकन बसले. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, सुट्टी संपली!” साहेब ओरडत होते. “पाणी अजून स्वच्छच आहे!”

“आता माझा इलाज नाही, साहेब,” भाऊ म्हणाले. “माझा परवाना संपला.”

साहेब बरंच काही बोलले. नवा परवाना विसरा, हे त्यातलं शेवटचं. भाऊंनी फोन खिशात टाकला.

“काय रे?” ताईने डोळे न उघडताच विचारलं. “कसली सुट्टी संपली?”

“जेवणाची.”

“मग जेवलास का तू?”

भाऊ जेवले नव्हते. त्यांनी ताईच्या पावलांवर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.