चाळीस मिनिटं

“किती लोक ऐकतात असं विचारलं, तर लाखावर सांगा,” केंद्राचे साहेब जिना चढता चढता म्हणाले.

“पण मोजलेत कुणी?”

“मोजले नाहीत म्हणूनच तर सांगायचं!”

ताई हसल्या नाहीत. एकोणीस वर्षं त्या सरकारी रेडिओवर नदीच्या पाण्याची पातळी वाचत होत्या, सकाळी सात दहाला आणि संध्याकाळी साडेसहाला. आवाज कधी कापला नव्हता. पण आज त्यांचं रेडिओ केंद्र कंपनीला विकायचं की सरकारकडेच ठेवायचं, हे ठरवणाऱ्या समितीपुढे बोलायचं होतं. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. निघताना नवरा म्हणाला होता, “खरं बोलू नकोस, खोटंही बोलू नकोस. आठवत नाही म्हण.”

खोलीत समितीची तीनच माणसं होती. श्रोत्यांचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला. ताई म्हणाल्या, “मला माहीत नाही.” साहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली.

मग समितीतल्या चष्मेवाल्या बाईंनी एक जुनी नोंदवही पुढे सरकवली. “सहा वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हाची ही नोंद. निरोप संध्याकाळी पाच पन्नासला आला, असं लिहिलंय. अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“सरकारचा पैसा म्हटला की सरकारचा धाकही येतो, असं कंपनीचं म्हणणं आहे. तुम्हाला कधी कुणी थांबवलं?”

साहेब घाईघाईनं म्हणाले, “तेव्हा मी इथे नव्हतो, पण असं काही…”

“त्यांना विचारलंय.”

‘आठवत नाही’ हे शब्द ताईंच्या ओठांवर आले होते. पण आठवत तर सगळं होतं. धरणावरच्या दरवाजेवाल्याचा फोन, त्याची धाप, “ताई, लगेच सांगा, खालची वस्ती उठवा,” हे त्याचं ओरडणं. तेव्हाच्या साहेबांनी माईकच्या बटणावर ठेवलेला हात: “वरून लेखी आल्याशिवाय नाही. उगाच घबराट झाली तर नोकरी जाईल.” तोवर गाणी लावा, म्हणाले होते. ताईंनी गाणी लावली होती. वस्तीतला नावाडी आणि त्याची सून वाहून गेली, ती त्याच वेळात.

“निरोप पाच दहाला आला,” ताई म्हणाल्या. “पाच पन्नास मी नंतर लिहिलं. तेव्हाचे साहेब लिहा म्हणाले, मी लिहिलं.”

समितीतल्या एकानं लिहायला पेन काढलं.

“म्हणजे खाजगी केंद्र असतं, तर इशारा वेळेवर गेला असता?” चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“गेलाही असता. पण त्या वस्तीसाठी केंद्र ठेवलं कुणी असतं? तिथे जाहिरात ऐकून काय विकत घेणार लोक?” “पैसा सरकारनंच द्यावा. पण माईक कधी उघडायचा, हे मात्र सरकारला विचारायला लागू नये. हेही लिहून घ्या.”

“घेतलं,” बाई म्हणाल्या.

बाहेर येताच साहेबांनी कपाळाला हात लावला. “ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात, तो आधी माझ्या पायावर आपटून!”

आठवड्याभरात चौकशी लागली. ताईंना माईकवरून काढून जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. दारात पोस्टमन दिसला की ताई आत निघून जायच्या. नवरा बोलून दाखवत नव्हता. फक्त पाकिटं आधी स्वतः उघडून बघायचा.

चार महिन्यांनी अहवाल छापून आला. केंद्र विकावं, असं त्यात होतं, आणि कारण म्हणून ताईंची साक्ष होती. अर्धीच. ती चाळीस मिनिटं होती; पैसा सरकारनंच द्यावा, हे कुठेच नव्हतं. ताईंनी वर्तमानपत्र दोनदा, तीनदा चाळलं. आपल्याच तोंडानं आपण केंद्र बुडवलं, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी उभी होती. चपला हातात, पाय चिखलानं भरलेले.

“रेडिओवाल्या ताई तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं असतं. मी नावाड्याची बायको.”

त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती आता काय म्हणेल ते सगळं ऐकून घ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

म्हातारी पाणी प्यायली. “शेजारणीनं पेपर वाचून दाखवला. त्या दिवशी नातू तापानं फणफणला होता. मी रेडिओचा आवाज बारीक केलेला. साडेपाचनंतर त्याला घेऊन मी डॉक्टरकडे गेले, हे दोघं घरीच राहिले. तुम्ही सांगितलं असेल, माझ्याच कानांवर आलं नाही, असं इतकी वर्षं धरून चालले होते.”

“मी सांगितलं नव्हतं,” ताई कशाबशा म्हणाल्या. “गाणी लावली होती.”

“नुसती गाणीच?”

“पाच पन्नासपर्यंत.”

म्हातारीनं भांड्याच्या काठावरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी नीटच ऐकलं होतं,” ती म्हणाली.