भिंतीकडं तोंड

सकाळपासनं साबिराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पोर शहाणी झाली होती, पहिलं न्हाण आलं होतं, आणि मेलेली आय येऊन कानाशी बसली होती.

"भिंतीकडं तोंड करून बसव तिला," आय सारखी म्हणत होती.

आखातातल्या हुफूफ गावी खजुराच्या बागेत तिचा नवरा ताजुद्दीन राखणीला. बागेतच त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. साबिरानं मागल्या खोलीची खिडकी लावली, खजुराच्या झावळ्या आणून टाकल्या न् पोरीला, इफराला, विणायला बसवलं. रत्नागिरीकडं साबिरालाही त्या वयात असंच बसवलेलं. माडाचा झाप विणायचा. हसू आलं की आय म्हणायची, "उकल!" की विणलेलं सगळं सोडायचं, परत धरायचं. सासरी जायच्या पोरीला वळण लावतात म्हणे. वळण कसलं डोंबलाचं! लग्न झाल्यापासून ही बाई मोठ्यानं हसली नव्हती की नवऱ्याला कधी हाक मारली नव्हती.

ताजुद्दीन दारात आला. "काय गो, पोरीची आज परीक्षा हाय. शाळेची गाडी येल आता. कोंडलंस कशाला?"

"आय म्हनते."

"तुजी आय कवाच गेली गो!"

साबिरानं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. बायकांच्या गोष्टीत पडायचं कसं, म्हणून तो चरफडत पाणी वळवायला निघून गेला.

आतून इफराचं गुणगुणणं आलं, मग खुदकन हसू. आणि लगेच एक जाड, घोगरा आवाज, "उकल!"

आवाज आयचाच! साबिरा धावत आत गेली. आत इफराशिवाय कुणी नव्हतं. पोर मान खाली घालून विणलेलं सोडत होती.

"कोन बोललं गो?"

"मैं ही. आप बोलती हैं ना, अम्मी, जब मैं हँसती हूँ."

आय कानाशी नव्हतीच, साबिराच्याच तोंडात राहायला आली होती. आता पोरीच्या तोंडात शिरत होती. साबिराला भयंकर भीती वाटली. तिनं खिडकी सताड उघडली.

"अवो! गाडी थांबवा! पोर येतेय!"

बागेच्या टोकाला ताजुद्दीन दचकला, मग फाटकाकडं पळत सुटला.

दप्तर सावरत इफरा निघाली. बापाची तारांबळ बघून पुन्हा खुदकन हसली. साबिराच्या जिभेवर 'उकल' आलंच. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत काही तो काढला नाही.