चार महिन्यांची नोंद

सकाळी साडेसहाला सुताराने चहा गाळला, एक कप बायकोपुढे सरकवला आणि क्रेडिट रिपोर्टचा कागद टेबलावर सपाट केला. शाळेच्या साठ बाकांचे काम चालून आले होते. रंधायंत्रासाठी कर्ज मिळाले तरच ते पेलणार होते. कागदावर मात्र घरकर्जाचे चार हप्ते, मार्च ते जून, थकलेले दिसत होते.

“घोळ बँकेचा आहे,” बायको म्हणाली. तीस वर्षे गणित शिकवून ती निवृत्त झाली होती. प्रत्येक हप्ता स्वतः खिडकीवर जाऊन भरत असे. जुलैत मुलीने ते परस्पर खात्यातून जाण्याची सोय केली, तेव्हा ती दोन दिवस रुसली होती. “माझी वही न्या नि दाखवा त्यांना. कानावरची पेन्सिल घरभर शोधणारी मी नव्हे.”

तो हसला. वही घेऊन कामाच्या शेडमध्ये गेला.

मार्चच्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरात ‘भरला’ असे होते. घराबाहेर पडण्याआधीच ती तसे लिहून टाकी. लिहिले की टाळता येत नाही, असे तिचे म्हणणे. परतल्यावर त्याखाली बँकेची पावती टाचायची.

मार्चखाली लाँड्रीची पावती होती. एप्रिलखाली भाजीवाल्याची चिठ्ठी. मेखाली वजनकाट्याचे तिकीट. जूनखाली पुन्हा लाँड्री. प्रत्येक कागद पानाच्या कडेशी समांतर, नीट टाचलेला.

बँकेचे फोन भामट्यांचे समजून कापल्याचे तिनेच एकदा हसत सांगितले होते. तोही हसला होता.

त्याने वही मिटून पिशवीत ठेवली.

बँकेत कर्जविभागातल्या तरुणीने हरकतीचा अर्ज पुढे केला.

“वही जोडा, काका. आमची चूक ठरली तरच नोंद निघेल. काकूंना एकदा विचारायला बोलावू.”

त्याने पिशवीतली वही बाहेर काढली नाही.

“चूक तुमची नाही. मीच विसरलो. थकबाकी आज भरतो.”

“पण मग नोंद तशीच राहील. यंत्राचं कर्ज नाही व्हायचं.”

“राहू दे.”

अर्जावर त्याने तेच लिहिले आणि सही केली. बाहेर येऊन शाळेला फोन केला. बाकांचे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणाला.

घरी बायको दारातच होती.

“काय म्हणाले?”

“त्यांचीच चूक निघाली.”

“मी सांगत नव्हते?”

तो चपला काढत राहिला.

“अगं, गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील? मला हल्ली काही आठवत नाही. दोघांनीही तपासून घ्या म्हणालेत.”

तिच्या चेहऱ्यावरचा विजय ओसरला. तिने त्याला खुर्चीत बसवले, स्वतः शेजारी बसली आणि त्याचा खरखरीत हात हातात घेतला.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “मी आहे ना सगळं लक्षात ठेवायला.”