यमुनाबाईंच्या गुडघ्यातला दोर

मी यमुनाबाईंच्या डाव्या गुडघ्यातला दोर बोलतोय. डॉक्टर मला लिगामेंट म्हणतात. मांडीचं हाड नडगीच्या हाडाला धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. पण त्याला सुट्टी नाही.

आमच्या बाई मिरकरवाडा बंदरावर मासे विकतात. चाळीस वर्षं विळीच्या पाटावर गुडघा मोडून बसल्या. सुरमईचे तुकडे असे पाडत, की गिऱ्हाईक लांबच्या पाली गावाहून मुद्दाम येई.

मग मी फुगू लागलो. भिजलेल्या दोरासारखा जाडजूड झालो आणि गुडघा मिटेना. बाईंनी खुर्ची आणून पाहिली, पण खुर्चीतून विळी दाबायची कशी? त्यांची जागा रिकामी पडून दोन महिने झाले. नवरा आत्माराम रोज संध्याकाळी कापराचं तेल चोळी. खरं सांगतो, त्यातला एक थेंब माझ्यापर्यंत आला नाही.

शेवटी डॉक्टर मृणालीबाईंनी एमआरआय काढला. म्हणाल्या, "दुर्बिणीने फुगवटा तेवढा काढू. आतले धागेच कुजलेले निघाले, तर मात्र सगळं लिगामेंटच काढावं लागेल."

"मग माजा पाय लटपटंल. नको ता," बाई म्हणाल्या.

आत्माराम जन्मभर होडीवर दोर ओढलेला माणूस. "दोर फुगला म्हणून कोन टाकतो गो? बुळबुळीत तेवढा खरवडायचा. आतला पीळ बगू दे त्यांना."

बाईंनी सही केली. माझी मात्र पाचावर धारण बसली.

ऑपरेशनला दोन बारीक भोकं पडली, खारं पाणी आत आलं आणि मागोमाग उजेड. जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. कमरेखाली बधिर झालेल्या बाई पडद्यावर मलाच बघत होत्या. मृणालीबाईंनी फुगवटा खरवडला, मग आकडा अडकवून मला ओढलं. होती नव्हती ती ताकद लावून मी ताठ राहिलो.

"पीळ शाबूत आहे, मावशी."

"भायेर ह्यांना सांगा कोनीतरी," बाई एवढंच म्हणाल्या.

तीन महिने व्यायाम झाला. परवा बाई पुन्हा पाटावर बसल्या. गुडघा मिटताना जरा थांबल्या. मीही घाबरलो होतो. पण मिटला. विळीवर पहिली सुरमई आली.

बाई, मी जुनाच आहे. मधूनमधून उठून पाय मोकळा करत जा. आणि संध्याकाळी आत्माराम तेलाची बाटली घेऊन येतो, तेव्हा "आता कशाला?" म्हणू नका. तेल माझ्यापर्यंत कधी पोचलं नाही, पण त्याच्या हाताची ऊब रोज पोचायची.