मनुबाईला शेडवर नेणारं हेल्मेट

मी एक हेल्मेट बोलतोय. गाडीवरून पडणाऱ्याचं डोकं वाचवायला मला घडवलं. पण गाडीवर मी एकदाही बसलो नाही. काच तडकली म्हणून साताऱ्याच्या कारखान्याने मला भंगारात टाकलं आणि कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या आम्रपालीने मला उचललं.

साल १९९७. परदेशात डोळ्यांवर पडदे बांधून माणसाला बसल्या जागी दुसऱ्या जगात नेतात, असं तिने मासिकात वाचलं होतं. तिने माझ्या आत दोन छोट्या टीव्हींचे पडदे बसवले, कानांशी स्पीकर लावले आणि मला व्हीसीआरला जोडलं. मान वळवली तर माझं चित्र वळत नाही. पण समोरची खोली मी पुरती झाकतो.

तिची घाई आत्यासाठी होती. ही आत्या, मनुबाई, तासगावला बेदाण्याच्या शेडवर बायकांच्या टोळीची मुकादम. कर्करोग हाडांत उतरला होता. सांगलीच्या दवाखान्यात तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. जेवण नाही, बोलणं नाही. "आता करण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. या वाक्याचा आम्रपालीला राग होता. बरं करता येत नाही, म्हणून काहीच करायचं नाही? आत्या अशी मुकीच जाणार, हे तिला मान्य नव्हतं.

लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा मागून तिने शेडची कॅसेट आणली. केस गळालेल्या डोक्याला मी सैल होत होतो, म्हणून सिस्टर विजयमालांनी आत टॉवेलची घडी घातली. चित्र सुरू झालं.

कॅमेरा येणार म्हणून शेडवरच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून, डोईवर पदर घेऊन एका ओळीत उभ्या होत्या. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं.

"काम टाकून समद्या हुब्या का हायत्या?" मनुबाई म्हणाली. "माज्या मातीला आल्यात व्हय?"

आम्रपालीने मला झटकन काढलं आणि व्हरांड्यात जाऊन स्वतःवरच चिडली.

"अगं, बोलल्या तरी," विजयमाला म्हणाल्या. "जा परत शेडवर."

या खेपेला तिने कॅमेरा आत्याच्या जागेवर, पालथ्या क्रेटवर ठेवला आणि दिवसभर तसाच चालू-बंद करत राहिली. आधी बायका त्याच्याकडे बघून लाजल्या. मग कामाच्या नादात विसरल्या.

आता माझ्या आत क्रेट सरकत होते, हात भराभर चालत होते.

"दीक्षे, काड्या तशाच सोडतीयास," रेश्मा म्हणत होती. "मनुआक्का असती तर हातावर चापट बसली असती."

"न्हाई तवर घेऊ दे की जरा इसावा," दीक्षा म्हणाली.

हशा झाला. मनुबाईची बोटं चादरीवर हलू लागली. ती बेदाणा निवडत होती.

"घे, घे इसावा. आल्यावर बघते तुज्याकडं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आमू, च्या मिळंल का गं?"

वेदना काही मी घालवल्या नाहीत. त्यांवर औषधच लागायचं. पण दुपारी मनुबाई मला घालून शेडवर जाऊन यायची, आणि रविवारी बायका भेटायला आल्या की कॅसेटमधल्या चुकांवरून त्यांना झापायची. त्या ऐकून घ्यायच्या आणि डबा उघडून तिला भरवायच्या.

एका दुपारी तिने माझ्यावर हात ठेवला. "काढ गं हे. शेड लय बघितली. आता तुला बघू दे."

आम्रपालीने मला उशाशी ठेवलं. दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या. मनुबाई संध्याकाळी गेली, ती आम्रपालीकडे तोंड करून.

आज मी त्याच वॉर्डच्या कपाटात आहे. टॉवेलची घडी अजून आत आहे. समोरच्या खाटेवर साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. मला खुशाल बाहेर काढा, मी तयार आहे. फक्त कॅमेरा ठेवण्याआधी त्यांची बसायची जागा कोणती, ते त्यांना विचारा.