साडेचारशे लिटरचं स्टँड

येर्केन सकाळी नऊला कब्देनच्या अंगणात शिरला, तेव्हा कब्देन शेडमध्ये प्लायवुडवर पेन्सिलीनं रेघा मारत होता. तोंडानं शीळ चालू होती.  ती शीळ ऐकून आल्या पावली परत फिरावं, असं येर्केनला वाटलं. पण परत फिरायची सोय नव्हती.

पहाटेच त्याला कारागंडाहून इस्काक आगांचा फोन आला होता. इस्काक आगा म्हणजे कब्देनचे थोरले भाऊ. तेलविहिरीवरच्या कामगारांची बस स्टेपच्या, त्या अफाट गवताळ माळाच्या, रस्त्यावर उलटली होती आणि तिच्यात कब्देनचा एकुलता एक मुलगा अल्दियार गेला होता. "आम्ही चारपर्यंत पोचतो," आगा म्हणाले होते. "तोवर त्याला कळता कामा नये. तू त्याच्याजवळून हलू नकोस. फोनही त्याच्या हातात ठेवू नकोस."

आपल्याकडे, स्टेपमध्ये, मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत, उंबऱ्यात उभं राहूनही सांगत नाहीत. घरातली वडीलधारी माणसं जमतात, ज्याला सांगायचं त्याला मधे बसवतात, दूरवरून सुरुवात करतात आणि मग सांगतात. तोवर गल्लीतल्या शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतं. ज्याचं माणूस गेलं तो एकटाच शीळ घालत असतो. ही रीत ज्यानं काढली, त्याला स्वतःला कुणाजवळ बसून असा दिवस काढावा लागला होता की नाही, अल्ला जाणे.

"आलास? ये," कब्देन मान वर न करता म्हणाला. "म्हटलं, काम संपलं की उगवशील. चहाच्या वेळेला."

"तुझ्या हातचं काम बघायला लवकर यावं लागतं. उशीर केला तर मोडलेलं बघायला मिळतं," येर्केन म्हणाला. आवाज बरा निघाला, म्हणून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दोघं एका वर्षाचे, एका शाळेतले, बाल्खाश सरोवराकाठच्या तांब्याच्या कारखान्यात तीस वर्षं एकत्र काढलेले. बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्याला टोचून बोलायचं असतं, वाटेल ते बोलायचं असतं आणि त्यानं ते हसून घ्यायचं असतं. ती मुभा नाही, तो हक्क आहे. बासष्टाव्या वर्षीही दोघं एकमेकांना सोडत नव्हते. येर्केननं आजच्या दिवसाचा सगळा भरवसा त्या सवयीवरच टाकला होता.

"माझा फोन मेलाय. तुझा दे जरा," तो म्हणाला. कब्देननं दिला. येर्केन कोपऱ्यात जाऊन कुणाशी तरी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटला, फोन बंद केला आणि आपल्याच कोटाच्या खिशात टाकला. त्याची बायको झेय्नेप केव्हाच कब्देनच्या स्वयंपाकघरात पोचली होती. इस्काक आगा कुणाच्याशा लग्नाला जाताना चहाला थांबणार आहेत, असं तिनं कब्देनच्या बायकोला, कुल्याशला, सांगितलं होतं आणि कुल्याशनं ते कब्देनच्या कानावर घातलं होतं. दोघी मिळून बाऊरसाक, कणकेचे फुगीर गोळे, तळत होत्या. शेडपर्यंत वास येत होता.

माशांची टाकी पुढच्या खोलीत आठवडाभर गोधडीत गुंडाळून पडली होती. दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, काच बोटभर जाड. अल्दियारनं ती अल्माटीहून मागवली होती. शनिवारी तो रजेवर येणार, तोवर स्टँड तयार हवं, असा हुकूम होता.

"दाराशी एवढं मोठं सरोवर," कब्देन करवतीला हात घालत म्हणाला, "आणि माझ्या पोराला घरात साडेचारशे लिटर पाणी हवंय. म्हटलं, अरे, विकतचं स्टँड आण. तर बापाला म्हणतो, 'आके, तुमच्याच हातचं हवं.' लबाड! त्याला कष्ट नकोत, दुसरं काय."

येर्केन 'हं' म्हणाला.

"नुसत्या पाण्याचं साडेचारशे किलो. वर काच, वाळू, दगड. सहाशेच्या वर जातं. सहाशे किलो म्हणजे काय, कळतं का तुला?"

"तुझ्या सासूच्या दुप्पट."

कब्देन हसला तेव्हा कुठे येर्केनला श्वास घेता आला.

अठरा मिलिमीटरचं बर्चचं प्लायवुड होतं. कब्देननं दोन्ही बाजू, पाठ, आणि मधल्या दोन उभ्या फळ्या मापून घेतल्या. येर्केन पलीकडचं टोक धरायचा आणि करवत चालायची. कब्देन कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचा. अर्ध्या मिलिमीटरवरून माणसांना घरी पाठवायचा. आजही प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून तो काटकोन पाहत होता आणि नेहमीसारखं शिकवत होता.

"माठ्या, फळी बाजूला नाही लावायची, वरच्या पाटाच्या खाली घ्यायची. भार फळीनं घ्यायचा. स्क्रूचं काम नुसतं धरून ठेवायचं. स्क्रूवर भार टाकलास की एक दिवस सगळं खाली येणार. आणि पाठीमागची फळी पूर्ण हवी. ती नसली तर स्टँड पत्त्यांच्या घरासारखं बाजूला झुकतं. आपल्याकडे जमीन कधी हलेल, सांगता येत नाही."

मग तो पोराबद्दल बोलू लागला. गोंद लावताना बोलला, बारीक भोकं पाडताना बोलला. टाकी भिंतीशी नको, खिडकीशेजारी हवी, असा पोराचा हट्ट आहे, म्हणाला. अल्दियारनं एक मुलगी पाहून ठेवलीय, असा कुल्याशला संशय आहे, म्हणाला. "आधी मासे, मग सून. क्रमच उलटा आहे या पोराचा. पण आला की विचारणार. तूच विचार. माझ्यापाशी लाजतो, तुझ्यापाशी बोलतो."

अल्दियार खरंच त्याच्यापाशी बोलायचा. सायकल येर्केननंच शिकवली होती त्याला. येर्केनच्या हातातली स्क्रूची डबी निसटली. स्क्रू वेचायला तो खाली वाकला, आणि गरज होती त्याहून बराच वेळ वाकलेला राहिला.

"कंबर धरली का रे म्हाताऱ्या?"

"धरली," येर्केन म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याच्याजवळचे टोमणे संपत चालले होते. एकेक टोमणा विहिरीतून पाणी काढावं तसा काढावा लागत होता, आणि आता दोर पोचत नव्हता. घड्याळात जेमतेम दीड वाजला होता.

दोनच्या सुमारास सांगाडा उभा राहिला. मधली एक फळी सरकवून कब्देननं वरचा पाट ठेवला आणि डोळा बारीक करून खालून पाहिलं. फळी आणि पाट यांच्यामधून उजेड दिसत होता. तीन-चार मिलिमीटर. साचेवाल्या कब्देनची फळी आखूड कापली गेली होती.

कब्देन लाल झाला. त्यानं हळूच येर्केनकडे पाहिलं, आणि उत्तर तयार ठेवून वाट पाहू लागला. तीस वर्षांत अशी संधी येर्केनला मिळाली नव्हती. एरवी हा उजेड त्यानं अख्ख्या मोहल्ल्याला बोलावून दाखवला असता, वर्षभर प्रत्येक मेजवानीत वाढला असता.

"असू दे रे," येर्केन म्हणाला. "पट्टी घालू. छान झालंय काम."

कब्देन हलला नाही.

"काय म्हणालास?"

"काही नाही. छान झालंय, म्हटलं."

आपण काय करून बसलो, ते येर्केनला कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? कब्देन त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर येर्केनच्या कोटाच्या खिशावर गेली, तिथून स्वयंपाकघराच्या खिडकीवर गेली आणि परत आली.

"आज मंगळवार," तो सावकाश म्हणाला. "मंगळवारी कोण लग्न करतं?"

येर्केननं मान खाली घातली.

"माझा फोन…" कब्देननं हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. "नको. राहू दे." तो लाकडाच्या ठोकळ्यावर बसला.  येर्केनला त्याच्या पायाशी बसून हंबरडा फोडावासा वाटला. सांगावंसं वाटलं सगळं, एका दमात. त्यानं तोंड उघडलं.

"बोलू नकोस," कब्देन म्हणाला. "आगा सांगतील. जोवर कुणी सांगत नाही तोवर… बोलू नकोस, येर्केन." मग त्यानं विचारलं, "किती वाजता येतात?"

"चार."

"कुल्याशला?"

"माहीत नाही तिला."

कब्देननं तळहातानं चेहरा पुसला. गालाला भुसा चिकटला. "मग चारपर्यंत तिला तळू दे," तो म्हणाला आणि उठला. एक पातळ पट्टी शोधली, गोंद लावला, फटीत सरकवली.  पट्टी दोनदा वाकडी गेली. तेवढ्यात खिडकी उघडली आणि कुल्याशनं बाहेर डोकावून पाहिलं.

"काय झालं? इतकी शांतता का? भांडलात की काय दोघं?"

"शिव्या घाल मला," कब्देन तोंडातल्या तोंडात म्हणाला. "ती बघतेय. घाल, एरवी घालतोस तशा."

 येर्केन खिडकीकडे वळला.

"वहिनी!" तो ओरडला. "ये, बघ तुझ्या नवऱ्याची कारागिरी! फळी आखूड कापलीय! तीस वर्षं सरकारनं याला फुकट पोसलं! डोळ्याला दिसत नाही, हाताला धरवत नाही, आणि मिजास बघ! या स्टँडवर मासे ठेवाल तर मासे पळून सरोवरात जातील!"

"आता कसं!" कुल्याश हसली. "अहो, तुम्ही गप्प का? उत्तर द्या ना त्यांना!"

"देतो, देतो," कब्देन म्हणाला. "हात गुंतलेत."

खिडकी मिटली. येर्केन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे गदगदत होते. कब्देननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्यानं धीर द्यायचा त्यालाच धीर द्यायची वेळ कब्देनवर आली होती. मग दोघांनी काम पुढे चालू केलं. स्क्रू एकेक करून बसवले. पाण्यानं कडा फुगू नयेत, म्हणून त्यांना लवकर वाळणाऱ्या व्हार्निशचा हात दिला. व्हार्निश वाळायला पाहिजे तितकं थांबले आणि दुसरा हात दिला. कुणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा बरोबर मधोमध थांबला आणि कब्देन त्याच्याकडे बघत बसला.

फाटकाशी दोन गाड्या थांबल्या.

पुढच्या खोलीत सगळे बसले. इस्काक आगा मधोमध, शेजारी मुल्ला, मग कारागंडाचे दोन चुलतभाऊ. गोधडीतली टाकी भिंतीशी होती आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. कब्देन हात धुऊन आला आणि नेहमीच्या जागेवर न बसता कुल्याशच्या शेजारी बसला. ती चहा ओतत होती. तिनं चकित होऊन थोडं सरकून जागा दिली.

इस्काक आगांनी घसा साफ केला. जगात कुणीच कायमचं राहायला आलेलं नाही, असं ते म्हणाले. पैगंबरांनाही लेकरांचं दुःख चुकलं नाही, म्हणाले. पंख फुटलेलं पाखरू कधी कधी आईबापांच्या आधीच उडून जातं, म्हणाले.  कुल्याश ऐकता ऐकता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्याच्या दुःखानंही तिचे डोळे भरायचे.

"अरेरे," ती म्हणाली. "कुणाचा हो मुलगा गेला, आगा?"

  इस्काक आगा मुल्लाकडे पाहू लागले.

"आपला," कब्देन म्हणाला.

येर्केननं पुढे होऊन तिच्या हातातली किटली काढून घेतली.